टंकलेखनातील दोष

गणित मंडळाच्या निवेदनाचा कागद आला तेव्हा हेमलताने तो नेहमीसारखा स्क्रीनशेजारी चिकटवला आणि टाइप करायला घेतला. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्यात ‘टंकलेखनातील दोषामुळे’ असे शब्द आले, आणि तिने हात मागे घेतले.

“रतिलालभाऊ, हे मी टाइप करणार नाही.”

रतिलालभाऊंचं धुळ्यात अक्षरजुळणीचं दुकान होतं. तिसाहून जास्त वर्षं झाली होती. गिऱ्हाईक दुखवलं की ते घाबरायचे, आणि घाबरले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची.

“एक ओळ शे, टाकी दे ना! मंडळनं बठ्ठं काम दुसरीकडे जाई!”

“जाऊ द्या सगळं काम,” हेमलता म्हणाली. “दोष माझा असता तर मीच मोठ्या अक्षरात टाकला असता.”

घडलं होतं ते असं. तापीकाठ गणित मंडळ दरवर्षी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आठवीच्या मुलांची परीक्षा घेतं. प्रश्नपत्रिका प्रेमराज सर काढायचे आणि जुळणी हेमलता करायची. ती शिरपूरच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. पावरा आदिवासी. बीएस्सी झाल्यावर या दुकानात लागली, आणि आलेख माउसने न ओढता कोडच्या ओळी लिहून काढायचं तंत्र तिने स्वतःच शिकून घेतलं. धुळ्यात तिच्याइतके नेटके आलेख कोणी काढत नव्हतं. तरीही कुठे काही चुकलं की माणसं आधी तिच्याकडे बघायची. पाड्यावरची पोरगी, तिचंच चुकलं असणार.

यंदा अकरावा प्रश्न आलेखाचा होता. सावद्याहून केळी घेऊन दोन ट्रक निघतात, ट्रक ‘अ’ आणि ट्रक ‘ब’. एकाची रेघ वर चढत जाते, मधे आडवी होते, पुन्हा चढते. दुसऱ्याची रेघ शेवटपर्यंत सरळ चढते. कोणता ट्रक वाटेत थांबला आणि किती मिनिटं? उत्तर होतं, ‘अ’, चाळीस मिनिटं.

हेमलताने आलेख काढून सरांना दाखवला. सरांचा फोन आला, “चार पानांत बसवायचंय. आलेखाची उंची कमी कर.” तिने उंची एक तृतीयांशाने कमी करून फाइल पाठवली. नंतर चहा पिताना तिने प्रूफवर पुन्हा नजर टाकली आणि कप खाली ठेवला. रेघा खाली बसल्या होत्या, पण अक्षरं जुन्याच उंचीवर राहिली होती. तिने त्यांची जागा कागदावरच्या सेंटीमीटरमध्ये दिली होती, आलेखाच्या मापात नाही. त्यामुळे ‘ब’ बरोबर आडव्या रेघेखाली जाऊन बसला होता आणि ‘अ’ सरळ रेघेवर. थांबणारा ट्रक बदलला होता.

ही चूक तिचीच होती. तिने ती दहा मिनिटांत सुधारली. प्रत्येक अक्षर आपापल्या रेघेलाच बांधून टाकलं, म्हणजे आलेख कितीही ताणा किंवा दाबा, अक्षर रेघ सोडणार नाही. मग दुसरी फाइल पाठवली आणि फोनही केला. “सर, पहिली फाइल वापरू नका. अकराव्या प्रश्नातली लेबलं सरकली होती. नवी पाठवलीय.”

“हो, हो,” सर म्हणाले होते.

छापखान्यात पहिलीच फाइल गेली. परीक्षा झाली, निकाल लागला. मुक्ताईनगरच्या एका शिक्षकांनी मंडळाला पत्र लिहिलं, की समोर छापलेला आलेख बरोबर वाचून आमच्या मुलीने ‘ब’ लिहिलं, तर तिला शून्य का? मग तशी पत्रं येतच राहिली. तेव्हा सरांनी हे निवेदन लिहिलं. टंकलेखनातील दोषामुळे प्रश्न रद्द.

संध्याकाळी सर स्वतः दुकानात आले.

“हेमलता, त्यात तुझं नाव कुठंय? दुकानाचंही नाही. एक शब्द आहे फक्त.”

“सर, प्रश्नपत्रिका मीच जुळवते हे दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांना माहीत आहे. नाव लिहायची गरज काय?”

“लेबलं सरकली तुझ्याकडूनच ना?”

“माझ्याकडूनच. मी सुधारली आणि तुम्हाला फोन केला. तसं सगळं लिहा, मी आत्ता टाइप करते.”

सरांनी रतिलालभाऊंकडे बघितलं. रतिलालभाऊ कागदांचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिले.

“आणि प्रश्न रद्द का करताय?” हेमलता म्हणाली. “ज्या पोरांनी आलेख नीट वाचला त्यांनी ‘ब’ लिहिलं. त्यांना गुण द्या. रद्द केलात तर बरोबर वाचणारा आणि कोरं सोडणारा सारखेच झाले.”

“मंडळाला तू शिकवणार?” सर म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

रविवारी मंडळाची बैठक होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती दोन्ही आलेखांच्या छापील प्रती आणि दोन्ही मेलच्या तारखा, वेळा घेऊन गेली. दाराशी शिपायाने अडवलं तेव्हा म्हणाली, “अकराव्या प्रश्नावर बोलणार आहेत ना? तो मी जुळवलाय.” आणि आत गेली.

अध्यक्ष सुलक्षणाताई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा लावून दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या आलेखावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून.

“पहिल्यात चूक कोणाची?”

“माझी.”

“दुसरी फाइल कधी पाठवलीस?”

“त्याच दिवशी, पाऊण तासाने. वेळ खाली छापलीय. फोनही केला होता.”

“प्रेमराज?”

“आली होती,” सर म्हणाले. “छापखान्याची घाई होती. पाहायची राहिली.”

“मग टंकलेखनाचं काय लावलंयस?”

हेमलता टेबलाजवळ आली.

“ताई, आणखी एक,” ती म्हणाली. “‘ब’ लिहिणाऱ्या मुलांचे गुण.”

एक सदस्य म्हणाले की निकाल पुन्हा लावायचा म्हणजे फार काम. सुलक्षणाताईंनी प्रती उचलून त्यांच्यापुढे ठेवल्या. “वाचा. इथे कोणता ट्रक थांबलाय?”

सदस्यांनी बघितलं. “ब.”

“मग मुलांनी काय लिहायचं?”

निवेदन नव्याने लिहिलं गेलं. ‘दुरुस्त प्रत उपलब्ध असूनही जुनी प्रत छपाईस गेली, अकराव्या प्रश्नास छापील आलेखानुसार ‘ब’ हे उत्तर ग्राह्य धरण्यात येत आहे.’ ते हेमलताने टाइप केलं. एकशे अठरा मुलांचे गुण वाढले. प्रेमराज सर तिच्याशी एक शब्द न बोलता गेले, आणि पुढचे सात-आठ महिने मंडळाचं काम दुसऱ्या दुकानात जात राहिलं. रतिलालभाऊ कुरकुरले, पण तिला दुकानातून जा म्हणाले नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या चुकीवर ‘तुमच्या पोरीनं घोळ केला’ म्हटलं, तेव्हा भाऊच उसळून म्हणाले, “ती सांगस ते बराबर ऱ्हास. पहिले आपला कागद वाचा.”

दिवाळीनंतर प्रेमराज सर आले. हातात पुढच्या परीक्षेची हस्तलिखित पानं होती. बसले, पाणी प्यायले.

“आलेख चार आहेत,” ते म्हणाले. “तिकडे जमले नाहीत.”

हेमलताने पानं घेतली. तीन दिवसांनी प्रूफ काढून त्यांच्यापुढे ठेवलं, वर पेन ठेवलं.

“प्रत्येक पानावर सही करा, सर. वाचून. सही नसलेलं पान आता इथून बाहेर जात नाही.”

“विश्वास नाही?”

“माझाही माझ्यावर नाही. म्हणून माझी सही आधीच खाली केलीय.”

सरांनी पान जवळ ओढलं आणि पहिल्या आलेखावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.