राहून गेलेलं टिंब

“औषध पाजायच्या आधी माप मोठ्यानं बोलून दाखवत जा, माय. दोघींच्या कानावर गेलं म्हंजे चूक सापडते.” सुकेशनी सिस्टरचं हे सांगणं मला अजून आठवतं. लसीच्या दिवशी तिनं मला गोजराबाईंच्या हातात ठेवलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना मापाचा पेला आहे, औषधाच्या बाटलीवर टोपीसारखा बसणारा. बाटली संपली, तरी मला कोणी फेकलं नाही. गोजराबाईंची मोठी नात माझ्यातून औषध पिऊन बरी झाली. तेव्हापासून “याले गुण हाये” म्हणून त्यांनी मला देवाच्या फळीवर जागा दिली. शेजारच्या अमीनाबीही मला मागून नेत आणि धुऊन आणून देत. खोटं कशाला सांगू, मला गर्व झाला होता.

परवा सकाळी गोजराबाईंच्या चार महिन्यांच्या नातवाला, उत्कर्षला, ताप भरला. त्याच्या आईनं, योगिनीनं, मालेगावहून आणलेली नवी बाटली उघडली. खोक्यात थेंब मोजायची बारीक नळी होती. ती बाजूला ठेवून तिनं गुणाचा म्हणून मलाच घेतलं. बाटलीवर हसरं अस्वल होतं आणि त्याखाली ‘५ मिली’ छापलं होतं. छापायचं होतं ‘.५’, म्हणजे अर्धा. छापणाऱ्याकडून टिंब राहून गेलं होतं. हे नंतर कळलं.

योगिनीनं माप बोलून दाखवलं. “आई, पाच लिवलं हाये. पाचच देऊ ना?”

गोजराबाई पोथीसमोर होत्या. पूजा आटोपेपर्यंत मौन, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम. माळेवरचा अंगठा थांबला. एवढ्याशा लेकराला एवढं? पण छापलेलं खोटं कसं असेल, आणि नेम कसा मोडावा? त्यांनी डोळे मिटले. योगिनीला तो होकार वाटला.

मी उत्कर्षच्या ओठांना लागलो. औषध गोड होतं. तो हसला.

पूजा संपवून गोजराबाई धावत आल्या, तेव्हा मी रिकामा होतो. संध्याकाळी लेकरू डोळे उघडेना. त्याला वाशिमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खोक्यातली औषधाच्या माहितीची घडीची चिठ्ठी वाचली, मग बाटली पाहिली. “दहापट गेलंय,” ते म्हणाले.

“आई, तुमी नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं,” योगिनी एवढंच बोलली.

गोजराबाईंनी तिचे हात धरले. “मी घरोघरी जाईन. हे बाटली कोनाच्या लेकराच्या तोंडाले लागू देनार नाई.”

मित्रांनो, मला देवाजवळ बसवू नका. मी नुसतं माप आहे. आणि मनात शंका आली, तर ती गिळू नका. देव थांबतो, लेकराचं पोट थांबत नाही.

आज गोजराबाई पहिल्या एसटीनं गावात आल्या. उत्कर्ष अजून नळ्यांमध्येच आहे. पोथी त्यांनी उघडली नाही. मला आणि त्या बाटलीला पदरात बांधून त्या शेजारच्या दाराशी गेल्या.

“काहून वं गोजरा, आज मौन नाई?” अमीनाबी म्हणाल्या. “देवासंगं भांडली काय?”

“तुह्या नातीचं, फरहीनच्या पोरीचं, औषध दाखव आधी.”

अमीनाबींनी बाटली आणली. तेच अस्वल होतं. टिंब नव्हतं. बाटली अजून उघडलेली नव्हती. गोजराबाईंनी टिंबाची चूक सांगितली आणि ती बाटली पदरात घेतली. अमीनाबींनीही पायात चपला घातल्या.

पुढच्या घरात पाळणा करकरत होता. गोजराबाईंनी मला मुठीत धरलं आणि त्या दिशेनं चालू लागल्या.