कुलपाआडची आई

तीन दिवसांच्या सुट्टीत आईला भेटावयास सुतार धाकट्या भावाकडे शहरात आला, तो ठरल्या वेळेच्या दोन तास आधी. धाकटा नुकताच कामावरून परतला होता. आईच्या खोलीला बाहेरून कुलूप पाहताच सुताराच्या पायाखालची जमीन सरकली.

"आईला कोंडतोस? जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस!" असे गरजून त्याने हत्यारांच्या पिशवीतून पेचकस काढला.

"दादा, आधी ऐकून तर घे..."

आतून आईच बोलली, "त्याच्यावर डाफरू नकोस रे. कुलूप मीच लावायला सांगितलंय. मागच्या महिन्यात खाली उतरले आणि घरच विसरले. पोलिसांनी आणून सोडलं."

किल्ली न मागता सुताराने एकेक स्क्रू सोडवून कुलपासकट कडी-कोयंडा उतरविला.

"आई, माझ्याकडे गावी चल. आपल्या गल्लीत वाट चुकलीस, तर कोणीही हाताला धरून घरी आणील."

आईने आपले लुगडे पिशवीत भरले. मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "रडतोस काय लेका? पुढच्या सुट्टीला तू ये."