सगळ्या वाडीचे तळवे लाल

बिरोबाच्या देवळापुढं सकाळीच एवढी माणसं लोटली, की माझ्या पंक्चरच्या दुकानात एक गिऱ्हाईक उरलं न्हाई. मग मीबी हवेचं मशीन बंद केलं आन् गेलो बघायला. फुकटची करमणूक सोडायची आपल्याला सवय न्हाई.

कवठे महांकाळपासनं आत, माळावर आमची वाडी. निम्मी घरं मेंढरंवाल्यांची. पावसानं नवं गवत उगवलं आन् कोंडीबाची मेंढरं मरायला लागली. सांजच्याला चांगलं रवंथ करणारं मेंढरू सकाळी ताठ. म्हणून त्यानं कोरेगावकडनं देवरुषी आणला हुता. नाव ऋषिराज महाराज. आदल्या दिवशी त्याच्या गाडीचं पंक्चर मीच काढलं, तवा स्पीकरवर त्याच्या बायकोचा फोन आला. "सूरज्या, येताना दूध आण." तवा मला महाराजांचं खरं नाव कळलं.

तर महाराज पाटावर बसून घुमत हुते. पुढ्यात ताटभर भंडारा, तांब्याभर पाणी आन् चार लिंबं.

"वाडीत करणी करणारी बाई हाय," महाराज म्हणाले. "तिच्या हाताला भंडारा लागंल, तवा त्याचं रगात हुईल. देव खोटं बोलत न्हाई."

बायका रांगेनं पुढं आल्या. महाराज एकेकीच्या डाव्या तळव्यावर भंडारा टाकायचे, वर पाणी शिंपडून चोळायचे. पिवळा. पिवळा. पिवळा. माझी बायको मनुबाई गेली, तिचाबी पिवळा. मी जरा निराशच झालो.

मग सुलाबाई आली. नवरा गेल्यापासनं एकटी मेंढरं राखणारी म्हातारी. खांद्यावर घोंगडं, तोंडात शिवी, गालात तंबाखू. महाराजांनी तिचा तळवा चोळला आन् पिवळा भंडारा बघता बघता लालभडक झाला.

सगळी गर्दी मागं सरली. सुलाबाई आपल्याच हाताकडं दुसऱ्या कुणाचा असल्यावाणी बघत राहिली. मग म्हणाली, "आरं मुडद्या, काल माझ्याच पिशवीतली तंबाखू खाल्लीस, आन् आज मला चेटकीण म्हणतुयास?"

"करणी बोलतीया तिच्या तोंडनं," महाराज म्हणाले. "मारल्याबिगर अंगातनं निघायची न्हाई."

कोंडीबाचा पोरगा अमृत काठी घेऊन पुढं झाला. त्याच्या मागं अजून धा-बारा काठ्या. सुलाबाई देवळाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या तोंडातली शिवी पहिल्यांदाच आटली हुती. ते बघून माझं हसू गेलं.

तेवढ्यात समीक्षा मधी घुसली. कोंडीबाची सख्खी पुतणी, हायस्कुलात विज्ञान शिकवती.

"अमृतदादा, काठी खाली. ह्यात देवाचं काय न्हाई, नुसती हळद हाय. आन् बाईला चेटकीण म्हणणं गुन्हा हाय. पोलिसांना फोन केलाय मी."

"तुला शिकीवली ती चुलत्याला उलटं बोलायला व्हय?" कोंडीबा खेकसला. "पुस्तकातलं पोरांना सांग जा."

पोलिसांची गाडी तालुक्यावरनं यायची हुती. तवर काठ्या थांबणार न्हवत्या. मी समीक्षाच्या कानाशी गेलो. "काय भानगड हाय गं?"

"नाना, तंबाखूचा चुना," ती म्हणाली.

मला तर पाण्यात ट्यूब बुडवल्यावर बुडबुडा दिसावा तसं झालं.

"थांबा रं गड्यांनो," मी वरडलो. "एवढ्या मोठ्या कामाला असा कोरड्या तोंडानं हात घालत्यात व्हय? आधी बार तरी भरा."

आन् मी पिशवी फिरवली. आता आमच्याकडं काय हाय, की मर्तिक असू दे न्हाईतर वरात, तंबाखूला कुणी न्हाई म्हणत न्हाई. आन् तंबाखू एका हातानं मळता येत न्हाई. डाव्या तळव्यावर चिमूट, तिच्यावर चुना, उजव्या अंगठ्यानं रगडा. त्यामुळं काठ्या काखेत गेल्या, मग कट्ट्याला टेकल्या. अमृतनं मळली, कोंडीबानं मळली, सरपंचांनी मळली. महाराजांनीबी हात पुढं केला. फुकटची तंबाखू.

सगळ्यांचे बार भरून झाले तसा मी महाराजांपुढं जाऊन बसलो.

"महाराज, करणी काय बायकाच करत्यात? माझाबी हात बघा की."

"गड्यांना ही परीक्षा न्हाई."

"आवं, देव काय लुगडं बघून भंडारा लावतोय?" आन् मी सरळ ताटात हात घातला, वर पाणी घेतलं आन् चोळला. लालभडक. "घ्या. मनुबाई, तुझा नवरा चेटकीण निघाला बघ."

"मला आधीपासनंच डाऊट हुता," मनुबाई म्हणाली.

बायका खुदकन हसल्या. मी ताट घेऊन उठलो. अमृतचा तळवा लाल. सरपंचांचा लाल. कोंडीबानं मूठ आवळली हुती, ती चौघांनी सोडवली. तोबी लाल.

"कोंडीबा, तूच तुझी मेंढरं खाल्लीस व्हय रं?" सुलाबाई खांबापासनं म्हणाली. तिची वाचा परत आली हुती.

महाराज हळूच चपला शोधत हुते. मी त्यांचा डावा हात धरला आन् भंडारा फासला. तो तर सगळ्यात लाल.

आता समीक्षाचं बोलणं ऐकायला माणसं तयार झाली.

"हळदीला चुना लागला की ती लाल हुतीया. वाडीतल्या बाकीच्या बायका मिश्री लावत्यात. तळव्यावर चुना मळणारी एकटी सुलाआजी. हे त्यानं काल तंबाखू मागताना बघितलं. म्हणून परीक्षा फक्त बायकांची."

"अगं बया," मनुबाई म्हणाली. "हळद लागलेला सदरा साबणानं धुताना असाच लाल हुतो की. जल्मभर धुतुया आमी, आन् इथं डोळं फाडून बघत बसलो."

"तेच हाय ते," समीक्षा म्हणाली. तिनं महाराजांच्याच लिंबाची फोड माझ्या तळव्यावर पिळली. लाल जाऊन परत पिवळा. "करणी उतरली, नाना. आंबट लागलं की हळद मूळ रंगावर येती. लिंबू उतरायचा खेळ एवढाच."

"मग मेंढरं का मेली?" अमृतनं विचारलं.

"नवं गवत अधाशावाणी चरलं की पोटात इख तयार हुतं. त्याची लस घेऊन जनावरांचं डॉक्टर पावसाच्या आधी आलते. सुलाआजीनं टोचून घेतली. तिचं एक मेंढरू मेलं न्हाई. काका, तुमी काय केलंत?"

कोंडीबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. लसवाला डॉक्टर आलेला बघून त्यानं मेंढरं माळावर पिटाळली हुती, हे सगळ्या वाडीला ठावं हुतं.

पोलीस आले. महाराजांना गाडीत बसवताना त्यांचा फोन वाजला. मीच उचलला. "वहिनी, सूरज्याला आज उशीर हुईल. दूध तुमीच आणा."

माणसं हसत पांगली. मीबी लय खुशीत हुतो. तर सुलाबाई जवळ आली आन् माझ्या पिशवीतली चिमूट घेऊन मळायला लागली.

"मजा केलीस सयाजी," ती म्हणाली. "पर एखादी काठी तुझ्या तंबाखूच्या आधी पडली असती, मग रं?"

मी चुन्याची डबी उघडून तिच्यापुढं धरली.

म्हणून सांगतो. दर गावात येळंवर पिशवी काढणारा इपितर भेटंलच असं न्हाई. पर शाळा दर गावात हाय, आन् हळद-चुन्याचा धडा तिथं पोरं दरसाल शिकत्यात. घरी आल्यावर त्यांना गप बसवू नका, विचारा. आन् एखाद्या बाईकडं बोट दाखवून कुणी काठी उचल म्हणालं, तर आधी आपला तळवा तिथल्याच भंडाऱ्यानं चोळून बघा.

अमृत आता आमच्याकडं येतो, तवा तंबाखूला न्हाई म्हणतो. त्याला वाटतंय, मी परत भंडाऱ्याचं ताट आणीन. आणीनच.