फुगा, जाळी आणि मरियमचं पाणी

अदिस अबाबातल्या दवाखान्यात डॉक्टर हिरूतने म्हाताऱ्या त्सिगेपुढे टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक इवलीशी तारेची जाळी, आणि एक लांब नळी, जिच्या टोकाला मिटलेला फुगा.

"हृदयाची नस आक्रसलीय, इमामा," तिने म्हातारीला आईच्या मानाने हाक मारली. "दोन्ही उपाय मनगटातूनच. जाळी आत राहते, नस उघडी धरते. पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या वर्षभर, एक दिवसही न चुकता. औषध लावलेला फुगा आत फुगवून लगेच काढतात. गोळ्यांचा जाच महिनाभर. फक्त नस पुन्हा आवळायची भीती जरा जास्त."

"होय," त्सिगे म्हणाली.

"मग जाळीच बसवू? गोळ्या चुकल्या तर मात्र जाळीत रक्त गोठेल. जीव जाईल."

"होय, पोरी."

हिरूतला बरं वाटलं. जाळीवर तिचा भारी विश्वास. तिने तिथंच पहिली गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्सिगेने हात तोंडाशी नेला, पाणी प्यायली, पांढऱ्या शालीच्या टोकाने ओठ टिपले. उठताना शालीतून गोळी पडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. दोघींनी ती पाहिली.

"दर महिन्याला मरियममातेच्या दिवशी एन्तोतोच्या डोंगरावर तिच्या चर्चला जाते मी," त्सिगे हळूच म्हणाली. "पुढचे सात दिवस तिथल्या पवित्र पाण्याने अंघोळ. पाणी चालू असताना औषधाला शिवायचं नाही. उद्यापासून बसायचंय."

"हल्ली कितीतरी पाद्र्यांना पाण्याबरोबर औषध घेतलेलं चालतं, इमामा."

"त्यांना चालत असेल. नवस माझा आहे. पोरगा लढाईतून धड परत आला."

"मग मघापासून होय होय काय लावलं होतं?"

"एवढ्या मायेने सांगत होतीस. तोंडावर नाही म्हणू?"

याच अदिस अबाबात, असल्याच होयमध्ये हिरूत लहानाची मोठी झाली होती. तरी फसली. जाळी बसवली असती, तर पुढच्याच नवसाला ही बाई जिवानिशी गेली असती. तिने जाळी खणात टाकली.

"फुगाच. पण हा महिना गोळ्या घ्यायच्याच. या वेळचा नवस चुकेल."

"नाही चुकणार."

आज पहिल्यांदाच म्हातारी नाही म्हणाली होती. हिरूतने डबीतून नवी गोळी काढून हातात घेतली.

"तुमच्या जागी मी गेले तर?"

त्सिगेने तिच्या उंच टाचांच्या बुटांकडे पाहिलं. "अनवाणी चढावं लागतं. पाणी बर्फासारखं असतं."

"जाईन. सातही दिवस."

"आणि जाळी बसवली असतीस, तर वर्षभर गेली असतीस?"

"होय," हिरूत म्हणाली.

हा होय म्हातारीच्या चांगलाच ओळखीचा होता. ती शालीआड खुदकन हसली, तळहात पुढे केला, गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.