सुकेळ्यांबरोबर वाळलेली कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, लगेच 'बिच्चारी' म्हणून मान हलवू नका. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, माझी झडप एका बाजूने लोंबते आणि माझ्या पोटातला पिक्चर मधेच गायब होतो. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी आजवर मी कुणाची माफी मागितलेली नाही, आणि पुढेही मागणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच काळ्या, चौकोनी बहिणींबरोबर मी एका साच्यातून निघाले. मग माझ्या फितीवर एक पिक्चर भरला गेला. चोरीची गोष्ट, पण हसवणारी. एका सोसायटीच्या गणपतीचा चांदीचा मुकुट एक लबाड बिल्डर दाबून बसतो. तीन भुरटे चोर आणि शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तो मुकुट त्याच्या तिजोरीतून परत चोरतात. कुणी मरत नाही, कुणाला साधं खरचटतही नाही. असा पिक्चर पोटात असला की कॅसेटची प्रकृती चांगली राहते.

सुरुवातीला मी वसईतल्या एका व्हिडिओ लायब्ररीत होते. ती बंद पडली तेव्हा पापडी गावच्या जगन्नाथरावांनी तिथला जुना व्हीसीआर घेतला आणि त्याच्याबरोबर मलाही घरी आणलं. त्यांची केळ्यांची वाडी होती. राजेळी केळी सोलून ते मांडवावर उन्हात वाळवत. केळी तपकिरी आणि मधासारखी झाली की झाली सुकेळी. मग घरचे आणि शेजारचे पडवीत बसून ती केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात बांधत. हात कामात आणि डोळे रिकामे. त्या डोळ्यांसाठी मला आणलं होतं.

पहिल्यांदाच लावलं तेव्हा ऐन तिजोरीपाशी चोर पोहोचले आणि लाइट गेली. ती सकाळपर्यंत आलीच नाही. मला तशीच अर्ध्यावर कपाटात ठेवून दिली. नंतर पाऊस झाला, भिंतींना ओल आली आणि माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली. जगन्नाथरावांच्या बायकोने, म्हणजे सरलाबाईंनी, ती पाहिली. त्या घरात ओलीवर एकच औषध होतं, ऊन. मसाल्याला ऊन, गाद्यांना ऊन, केळ्यांना ऊन. सरलाबाईंनी माझी झडप उघडली, बुरशी लागलेली फीत हात-हात बाहेर ओढली आणि मांडवावर केळ्यांच्या मधोमध पसरली.

केळ्यांचा पाक सुटला. फीत चिकटली. मग सरलाबाईंनी ती ओल्या फडक्याने खसाखसा पुसली. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

"अगं, कॅसेट आहे ती! केळं नाही!" जगन्नाथराव ओरडले.

"मग केळ्यासारखी बुरशी कशाला धरली तिने?" सरलाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या पिक्चरमध्ये असं होतं. चोर तिजोरी उघडतात, घंटा वाजते, अंधार होतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. नुसत्या मुंग्या आणि खरखर. मुंग्या जातात तेव्हा चौघं जीपमध्ये बसलेली असतात. मुकुट बाईंच्या डब्यात असतो. बाईंचं तोंड पिठाने पांढरं झालेलं असतं. आणि मागच्या सीटवर एक बकरी असते.

पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा सरलाबाईंच्या सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "आता तूच सांग, बकरी कुठून आली ती! फीत उन्हात तूच घातली होतीस ना?"

सरलाबाईंचं तोंड लाल झालं. त्या उठून आत जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी मला मागे फिरवायला लावलं. पुन्हा मुंग्या आल्या तशा त्या हातातलं सुकेळं तसंच धरून बोलायला लागल्या. "बिल्डरच्या सासूला वैद्याने बकरीचं दूध सांगितलं होतं. बकरी काही जिना चढेना. म्हणून तिला लिफ्टने वर नेत होते..." मुंग्या संपेपर्यंत त्यांनी त्या बकरीला लिफ्टमधून खाली आणलं, तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीत घुसवलं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं. सगळ्यांत जास्त वेळ हसल्या त्या सासूबाई.

पुढच्या वर्षी बकरी वेगळ्याच वाटेने आली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वेगळ्या. कुंपणापलीकडची एलिसा तर केळी मांडवावर चढली की विचारायची, "गे सरला, यंदा बकरी कुठून?" दिवसभर कुणी सरलाबाईंना दोन वाक्यं सलग बोलू देत नसे. पण माझ्या मुंग्या सुरू झाल्या की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. मला सांगा मित्रांनो, मी धड असते तर हे झालं असतं का?

मग मुलगा प्रितेश मोठा झाला, नोकरीला लागला आणि चंदनसारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. सासूबाई गेल्या. मला मात्र दर वर्षी सुकेळी बांधताना बाहेर काढत.

यंदा प्रितेश मुलीला, कृतिकाला, घेऊन आला तो भिंतीएवढा टीव्ही घेऊनच. "आई, सरप्राइज! तो पिक्चर मिळाला. फुल क्लिअर. एकही मुंगी नाही!"

सरलाबाई म्हणाल्या, "हो का?" एवढंच.

"आता हे सगळं भंगारात देऊन टाकू," असं म्हणत त्याने व्हीसीआर आणि मी, दोघांना गोणीत घातलं. सरलाबाईंनी गोणीकडे पाहिलं आणि खाली मान घालून त्या सोपटं फाडत बसल्या. त्यांच्या आवाजाची वर्षातली ती एकच जागा होती, आणि मुलाने ती प्रेमाने बुजवून टाकली होती. मी गोणीत होते, पण रडले नाही. मला राग आला होता.

पिक्चर सुरू झाला. एलिसा येऊन बसली. "सरला, आज तुला सुट्टी गे!"

"बघू दे की मलापण, माझ्या बकरीचं काय झालं ते."

तिजोरी उघडली. घंटा वाजली. अंधार झाला. मी श्वास रोखला. कॅसेटला श्वास नसतो, तरी रोखला.

चोर धडाधड जिना उतरले. बाई पिठाच्या पोत्यावर आपटल्या. चौघं जीपकडे पळाली. बकरी जीपमध्ये आधीच बसलेली होती. कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जीप निघाली.

"एवढंच?" जगन्नाथराव म्हणाले.

प्रितेशने मागे नेऊन पुन्हा लावलं. बकरी पुन्हा आधीच बसलेली.

"पण ती आली कुठून?" कृतिका म्हणाली. "आजी, तू सांग ना!"

"मी कशाला? पूर्ण आहे ना पिक्चर?"

"आई, सांग ना गं," प्रितेश म्हणाला.

"तुझ्या टीव्हीला विचार. सगळं लख्ख दिसतंय त्यात. मी कुठे घुसू?" सरलाबाईंनी सोपटाची गाठ करकचून मारली. "आधी ती गोणी उघड. मुंग्या आल्याशिवाय मला काही दिसत नाही."

प्रितेश उठला. गोणीची गाठ त्यानेच मारली होती, त्यालाच ती सुटेना. शेवटी दाताने सोडवली. नुकताच माळ्यावर टाकलेला जुना टीव्ही उतरवला, त्याला व्हीसीआर जोडला, मला फुंकर मारून आत सरकवलं. मी खरखरले. अशी खरखरले की एलिसाने कानांवर हात ठेवले.

सरलाबाईंनी मांडीवरची सोपटं बाजूला केली आणि पदर खोचला. "तर ती बकरी," त्या म्हणाल्या, "खरं तर त्या बिल्डरची भागीदार होती..."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर त्याची धूळ पुसा. ओलीत ठेवू नका. वापरून झालं की मागे फिरवून ठेवा. एवढी काळजी घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण मला दुरुस्त मात्र करू नका.