दांडीखालची दीड बोटं

विस्टिनची उंची दीड बोट कमी झाली होती, आणि हे त्याच्या बायकोशिवाय, चेट्टाशिवाय, कोणालाच माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती. जूनमध्ये डॉक्टरांनी पाठ तपासताना त्याला भिंतीला उभं केलं आणि म्हणाले, अडुसष्टाव्या वर्षी मणके दबायचेच. डॉक्टरांना बोलायला काय जातं! संत रोक्कूची मूर्ती खांद्यावर वाहणारे आठ जण उंची जुळवून निवडतात. पुढची डावी जागा एकतीस वर्षं विस्टिनची, त्याआधी त्याच्या बापाची. मूर्तीची दांडी वाहून वाहून खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती, ती तो समुद्रावर सदरा काढून मिरवायचा. दांडी खांद्याला टेकली नाही तर ओझं दुसरेच उचलतात, आणि अशा माणसाला गावात काय म्हणतात ते इथे लिहिण्याजोगं नाही.

म्हणून चेट्टाने बुचाचे दोन तुकडे कापून त्याच्या बुटात बसवले.

"संताला कळतं हो सगळं," ती म्हणाली.

"संताला कळू दे. तुझ्या भावाला कळलं नाही म्हणजे झालं."

तिचा भाऊ साल्वू, पुढच्या उजव्या जागेवरचा.

सहा वाजता चर्चचं दार उघडलं, बँड सुरू झाला, सज्जांतून कागदाचे कपटे उडाले. वाहणाऱ्यांच्या मुख्याने चौथऱ्यावर दोनदा ठोकलं आणि आठांनी मूर्ती उचलली. दांडी विस्टिनच्या खांद्यात अशी रुतली की त्याने दातावर दात दाबले. आधी त्याला बरंच वाटलं. ओझं आहे म्हणजे आपण आहोत! पण बेकरीच्या वळणापर्यंत त्याचे पाय लटपटू लागले, आणि संत उजवीकडे कलला, मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या कुत्र्यासकट.

"आज चढलीय की काय याला?" वरून एका म्हातारीने विचारलं.

"दाजी, जरा खाली या," साल्वू कुजबुजला.

"खाली कुठे येऊ? गुडघ्यांवर चालू?"

"आज एवढे उंच कसे झालात ते सांगा आधी."

चौकात पोचल्यावर दांड्या लाकडी टेकूंवर ठेवल्या. खांदा सोडवायला विस्टिनने दांडीखाली हात घातला, तर बोटांना चामड्याची उशी लागली. जन्म गवंडीकामात गेलेला, जाडी त्याला हातालाच कळायची. साल्वूच्या जागी एक उशी होती. त्याच्या स्वतःच्या जागी दोन, एकावर एक शिवलेल्या. शिवण जुनी होती, घामाने काळी पडलेली.

"ही कधीची?"

साल्वूने घाम पुसला. "चौथं वर्ष."

"कोणी शिवली?"

"मीच. त्याआधी दोन वर्षं दांडी तुमच्या खांद्याला टेकायचीच नाही, तुमचं ओझं मागच्याने ओढलं. मान आखडायची बिचाऱ्याची. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं."

सगळ्यांनी. आणि ही सहाही वर्षं उत्सवानंतर वाइनच्या दुकानात बसून विस्टिन त्यांनाच झापत आला होता, की तुम्ही नुसते हात लावता, ओझं मी वाहतो. कोणी उलटून बोललं नव्हतं. त्याला वाटायचं, त्यांच्याकडे उत्तर नाही. आता त्याचे कान तापले, मान वर करून कोणाकडे बघवेना.

त्याने बूट काढून गर्दीत उभ्या चेट्टाच्या हातात दिले. नवसाला अनवाणी चालणारे पुष्कळ असतात, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या एकीने तर भक्तिभावाने छातीवर क्रूसाची खूण केली.

दांडीपाशी परत येऊन तो साल्वूला म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा बघा."

असं काय बोलता दाजी, तुमच्याशिवाय संत उठेल का, एवढं तरी साल्वू म्हणेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं.

"बघून ठेवलाय," साल्वू म्हणाला. "तुम्ही म्हणायची वाट बघत होतो."

विस्टिनला फार वाईट वाटलं. मुख्याने दोनदा ठोकलं, तो दांडीखाली शिरला, आणि मूर्ती सरळ उठली.