जुनी खूण

कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं ते बटण. त्याच्यावरचं नाव केव्हाच पुसून गेलं होतं. उरला होता एक गुळगुळीत करडा चौकोन, मधोमध किंचित दबलेला, कपडे धुवायच्या दगडाला वर्षानुवर्षांच्या हातांनी पडतो तसा खळगा पडलेला — आणि त्या खळग्यात आज दुसऱ्याच कुणाची करंगळी होती. नखाला फिकट गुलाबी रंग लावलेली, निर्मलाची. चंद्रिकाची स्वतःची करंगळी मांडीवर, स्वेटरच्या बाहीत अर्धी लपलेली होती. पण निर्मलाने तिकडे बटण दाबलं की इकडे तीही बारीकशी दबायची... लेकराला भरवताना आईचं तोंड उघडतं ना, तशी.

बाहेर फिनिक्सचा जून होता, या बेटावरचा हिवाळा. म्हणजे पाऊस नाही आणि ऊनही नाही. नुसती ओल, जी काचेवर बसून राहते आणि हाडात शिरते. खोलीत यंत्राची ऊब होती. चार वर्षं हिवाळाभर चंद्रिकाने याच उबेला हात शेकले होते. ऊस-संशोधनाच्या या ऑफिसात तारेवरून येणारं सगळं टपाल या एका पडद्यावर उतरायचं. सकाळ-संध्याकाळ यंत्र आपण होऊन परदेशी फोन लावायचं, किरकिरायचं, आणि हिरव्या अक्षरांचा गठ्ठा ओतून गप्प व्हायचं. मग ती पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, जपून ठेवायची, नको ती काढून टाकायची — सगळं एकाच एडिटरमध्ये, लिहिण्याच्या ज्या प्रोग्रॅमात अहवाल लिहायचे त्यातच. नुसती अक्षरं, आणि बोटांना पाठ करून ठेवायच्या बटणांच्या जोड्या. एक डच माणूस हे सगळं बसवून, कुणालाच वेळ नव्हता म्हणून टायपिस्ट चंद्रिकाला शिकवून निघून गेला होता. तेव्हापासून कुठलंही जुनं पत्र हवं झालं की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकच वाक्य बोलत — चंद्रिकाला विचारा.

आज चंद्रिकाला विचारायचं नव्हतं. आज निर्मलाने एकटीने एक पत्र शोधून काढायचं होतं. ते निघालं, की चंद्रिका सुटणार होती.

असं ठरलंच होतं. साहेब — सगळे त्यांना मिस्ये चंद्रमोहन म्हणत — वाईट माणूस नव्हते. पांपलमूसच्या बागेच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली आणि चंद्रिकाने अर्ज पुढे केला, तेव्हा त्यांनी तो फाडला नाही की दाबून ठेवला नाही. एवढंच म्हणाले की निर्मलाला हे टपाल एकटीला सांभाळता आलं त्या दिवशी तू मोकळी. आणि वर हसून, सगळ्यांच्या देखत — चंद्रिकाला सासरी धाडायची तर हे यंत्रही आंदण द्यावं लागेल. सगळे हसले होते. तीही हसली होती. चौतिसाव्या वर्षी अशा थट्टेला हसायची सवय होते, जिभेला घट्टा पडल्यासारखी.

सासर कुठलं... पांपलमूसहून ब्रीझे वेर्दिएरची बस मिळते. ब्रीझे वेर्दिएरला आई आहे.

मिस्ये चंद्रमोहननी सकाळी येऊन सांगितलं होतं ते असं — आपला एक ऊस आफ्रिकेत कुठंसा पाठवला होता, दोन वर्षं झाली असतील, तीनही असतील. तिथून कुणीतरी लिहिलं होतं की ओल्या जमिनीत त्याची मुळं धरत नाहीत. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. ते पत्र दुपारच्या बैठकीआधी हवं. आणि चंद्रिकाकडे बोट करून बेटाच्या बोलीत, क्रेओलमध्ये — ही मुकी आहे असं समज.

तर चंद्रिका मुकी बसली होती आणि निर्मला शोधत होती.

शोध कसा घ्यायचा ते निर्मलाला चांगलं येत होतं. चंद्रिकानेच शिकवलं होतं. शब्द पुरा व्हायची वाट हे यंत्र बघत नाही. एक अक्षर दाबलं की त्या अक्षरावर उडी, दुसरं दाबलं की पुढची उडी — अंधारात हात धरून नेणाऱ्या माणसासारखं ते प्रत्येक पावलाला विचारतं, इथं? इथं? निर्मलाने कुजण्याचा इंग्रजी शब्द, ‘रॉट’, घातला तर तो ‘प्रोटीन’च्या पोटात जाऊन थांबला. मग ‘रोटेशन’मध्ये. मुळाचा शब्द घातला, तर ज्या ऑफिसात ऊसच वाढवतात तिथं मुळं नसलेलं पत्र कुठलं? ओला, पाणी, आफ्रिका. शेवटी पडद्याच्या तळाशी तीच ओळ आली, शोध फसल्याची, आणि यंत्र बारीकसं केकाटलं.

निर्मलाने मान फिरवून चंद्रिकाकडे पाहिलं नाही. पोरगी गुणी होती. बंद बोळातून मागे फिरावं तशी ती शांतपणे मागे आली आणि पुन्हा नवा शब्द घेऊन निघाली.

सापडणार नाही, चंद्रिकाला ठाऊक होतं. त्या पत्रात कुजणं नव्हतंच. त्या माणसाने — आफ्रिकेतल्या किसुमूचा होता तो, म्हातारा, वाक्यं जुन्या वळणाची — लिहिलं होतं की तुमचा हा ऊस फार मानी आहे, पाय भिजलेले त्याला चालत नाहीत. आणि शेवटी विचारलं होतं, हा परत तुमच्याकडेच पाठवू का? वाचलं त्या दिवशी चंद्रिका उगीचच हसली होती, आणि मग हसू अर्ध्यात थांबलं होतं. आईचे पाय आठवले होते.

ब्रीझे वेर्दिएरला घरामागून झरा जातो. त्या झऱ्यात आईने जन्मभर क्रेसों लावला — पाण्यातली भाजी, पाण्यातच उभं राहून खुडायची. संध्याकाळी ती पायरीवर बसून पाय पुसायची, आणि तळवे पांढरे, सुरकुतलेले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. म्हणायची, पायांना पानी सोसत नाय आता. आणि सकाळी पुन्हा पाण्यात. बलरामदादाने तिला एकदा फिनिक्सला आणून ठेवलं. वहिनीने हौसेने खोली लावली, पलंग, रजई. चौथ्या-पाचव्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायला लागली, झरा कुठं गेला. दादा तिला परत सोडून आला.

आणि गेल्या रविवारी... चंद्रिका फाटक उघडून आत गेली तर आई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. वर पाहिलं, चेहरा उजळला.

“आलीस काय गो जमुना?”

जमुना ही आईची बहीण. ती जाऊन किती वर्षं झाली.

चंद्रिकाने दुरुस्त केलं नाही. ती शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. सोलताना आईने जुनी ओवी धरली, गणपतीच्या दिवसांत बायका फेर धरून म्हणायच्या त्या चालीवर —

दारीच्या उसाला बाई, आला पांढरा तुरा...

आणि थांबली. बोटं थांबली, शेंग थांबली.

“फुडं काय व्हतं गो?”

लेकीच्या वाटेवरी, माझ्या डोळ्यांचा पहारा. चंद्रिकाला येत होतं. तिने म्हटलंही. पण ते म्हणताना आई तिच्याकडे अशी बघत राहिली, जसं बाजारात एखाद्या परक्या बाईच्या तोंडून आपलं गाणं ऐकावं. त्या क्षणी कळलं की वेळ फार नाही. रविवार-रविवार करून पुरणार नाही. रोज संध्याकाळी त्या पायरीवर कुणीतरी लागेल, ओळीची दुसरी बाजू धरायला — आईला चंद्रिका कोण हे अधूनमधून का होईना आठवतंय तोवर. पांपलमूस म्हणजे एवढंच होतं. बाग नाही, बढती नाही. संध्याकाळची बस.

“दीदी,” निर्मला पडद्याकडे बघतच पुटपुटली, “पाणी साचणे, हा शब्द पण नाही.”

चंद्रिका मुकी होती. तिने खांदे उडवले.

काचेच्या पलीकडे मिस्ये चंद्रमोहन घड्याळ बघत होते. निर्मलाच्या मानेवर, अंबाड्याखाली, घामाचा एक थेंब आला होता. या थंडीत. एक शब्द, चंद्रिकाच्या मनात आलं, एका शब्दाचं तर काम आहे... आणि तिथंच काहीतरी लागलं, भातात खडा लागावा तसं.

कारण पत्र त्या एका शब्दाखालीच होतं. शोधाच्या नव्हे — खुणेच्या. या एडिटरमध्ये प्रत्येक पत्राला एक खूण डकवता येते, आणि मग तेवढ्याच खुणेची पत्रं एका हाकेसरशी पुढे उभी राहतात. डच माणूस म्हणाला होता, तुला आठवेल तो शब्द दे. चंद्रिकाने घरातले शब्द दिले. इंग्रजी अक्षरांत, पण घरातले. तक्रारींच्या पत्रांना रडकं. दहा ठिकाणी फिरून आलेल्यांना उष्टं. परदेशी पाहुण्यांच्या पत्रांना पावना. नंतर बघू म्हणून साहेब ठेवायला सांगत त्यांना मागाहून. ऑफिसात इंग्रजी लिहीत, फ्रेंच झाडत, क्रेओल बोलत. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, कुणाला पत्ता न लागता, अवघं टपाल आईच्या बोलीत लावून ठेवलेलं. जेवणाच्या डब्यात लोणच्याची एक फोड लपवून न्यावी तसं सुख होतं ते. त्यात कुणाचं काय वाईट होतं?

आणि इथून दूरदेशी धाडलेल्या उसांना, त्यांच्या सगळ्या बातम्यांना, परत येऊ का म्हणून विचारणाऱ्यांना — माहेर.

निर्मलाने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं, दोन महिन्यांपूर्वी, अशाच एका दुपारी. पडद्याच्या खालच्या पट्टीत पत्राच्या आकड्याशेजारी तो शब्द दिसतो, त्याच्यावर गुलाबी नख ठेवून — हे काय, दीदी? आणि चंद्रिका, हातातलं काम न थांबवता, म्हणाली होती —

काही नाही. जुनी खूण आहे.

का म्हणाले मी? तेव्हा वाटलं, उद्या सांगू, आज गर्दी आहे. उत्तर देणं शिकवलं, नको त्या पत्रावर काढून टाकायची खूण करणं शिकवलं, खूण केली तरी शेवटची आज्ञा देईपर्यंत पत्र मरत नाही, तोवर परत आणता येतं, हेही किती मायेने समजावलं... पुढचा शोध, मागचा शोध. आणि हे तेवढं उद्यावर. निर्मला मराठ्यांचीच मुलगी. घरात आजोबा मराठी बोलतात, तिला थोडंफार कळतं, बोलता येत नाही. तिला तर एका वाक्यात कळलं असतं. म्हणूनच का...

मिस्ये चंद्रमोहन दार उघडून आत आले. बैठकीचे कागद काखेत. ते रागावले नाहीत, नुसते निर्मलाच्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि निर्मलाची बोटं पहिल्यांदा चुकली. एक शब्द, खोडला. पुन्हा तोच. यंत्र केकाटलं. पुन्हा केकाटलं.

चंद्रिकाने आपले हात पाहिले — अगदी पाहिलेच तिने, दुसऱ्याचे पाहावे तसे — मांडीवरून उठताना. ते निर्मलाच्या हातांवरून अलगद पलीकडे गेले, करंगळी त्या खळग्यात जाऊन बसली, चिमणी घरट्यात बसावी तशी, आणि डोळा लवेपर्यंत किसुमूचा म्हातारा पडद्यावर होता. पाय भिजलेले त्याला चालत नाहीत.

“आयो, चंद्रिका,” मिस्ये चंद्रमोहन म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं प्रेम होतं. “की नू पू फेर सां त्वा?”

तुझ्यावाचून आमचं कसं व्हायचं. त्यांनी पत्र छापून घ्यायला सांगितलं, दारापर्यंत गेले, आणि वळून, हळहळत, मग पांपलमूसला उद्या फोन करून कळवतो असं म्हणाले — यंदा नाही जमायचं म्हणून. पुढच्या वर्षी बघू. दार लागलं.

छपाईचं यंत्र करकरू लागलं. चंद्रिका त्याच्याकडे बघत बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं; आईची पायरी, संध्याकाळ, ती अर्धी ओळ — हे सगळं आता कोसळेल आणि आपण इथंच खुर्चीत रडू. पण आत जे होतं ते रडू नव्हतं. छातीत अजून ते ऊन पसरलेलं होतं, मघाचं, बोटं त्या पत्रावर जाऊन पोचली त्या क्षणाचं. की नू पू फेर सां त्वा. तिला बरं वाटलं होतं. आईला गमावताना तिला बरं वाटलं होतं... चार वर्षं ती या खोलीला खोडा म्हणत आली, दादाला, वहिनीला, बसमधल्या काचेला सांगत आली की मला सोडत नाहीत. आणि खोड्याची खीळ — ती कुणाच्या हातात होती? गुलाबी नखाच्या नाही. काचेपलीकडच्याही नाही.

अजून जाता येईल. फोन उद्या आहे. उठून दार उघडायचं, आणि म्हणायचं, मिस्ये, तिला येतं, एक गोष्ट मी सांगितली नव्हती. चार पावलं. आणि मग उद्यापासून कुणी विचारणार नाही, चंद्रिकाला विचारा. पांपलमूसच्या टेबलावर एक टायपिस्ट असेल, आणि संध्याकाळी पायरीवर एक बाई, जिला तिची आई जमुना म्हणते. म्हणजे चंद्रिका कुठंच...

निर्मला रडत नव्हती. डोळे लाल होते, पण ती पडद्याकडे वाकून बघत होती. खालच्या पट्टीकडे, आकड्याशेजारच्या त्या शब्दाकडे. ओठ हलले. आजोबांच्या घरातला कुठला तरी आवाज शोधत असावी.

“दीदी,” ती म्हणाली, “माहेर — ही जुनी खूण. तुम्ही हिच्यावरून काढलं ना ते पत्र? हिचा अर्थ काय?”

चंद्रिकाने तोंड उघडलं. काही नाही, ती म्हणाली... आणि पुढचे शब्द आले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी किती सहज आले होते. खरे शब्दही आले नाहीत. ते कुठंतरी खाली होते, तळाशी, घरातल्या कुठल्याशा नावाने ठेवलेले. ती तशीच बसली, अर्ध्या ओळीवर, हातात न सोललेली शेंग असावी तशी, आणि निर्मला तिच्या तोंडाकडे बघत राहिली — पुढं काय म्हणून.

करंगळी अजून त्या खळग्यात होती. दाबलेली. चंद्रिकाला ती उचलता येते की नाही, हे तिला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.